सीपॅप मशीन, १४ महिने वापरून: आधी मास्क बघा

तारे सुरुवातीलाच देऊन टाकते. झोपेत श्वास थांबतो त्या आजारावर, स्लीप ॲप्नियावर, रात्री मास्कमधून दाबाने हवा देणारं हे मशीन. त्याला पाचपैकी साडेचार. त्याच्यासोबत माथी मारलेल्या पहिल्या मास्कला एक, तोही डबा मजबूत होता म्हणून. विकणाऱ्याला शून्य. त्याचं नाव लिहीत नाही. मला कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही, पुढच्या गिऱ्हाइकाचे साडेसहा हजार वाचवायचेत.

मी सांगलीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वय ५३. मार्चएंडच्या गर्दीत लागोपाठ दोन दिवस माझी कॅश जुळेना. पहिल्या दिवशी पाचशेच्या चार नोटा जास्त गेल्या होत्या, त्या खातेदाराने संध्याकाळी परत आणून दिल्या. दुसऱ्या दिवशीचे पदरचे भरले. त्याच आठवड्यात नोटा मोजताना कपाळ काउंटरच्या काचेवर आपटलं आणि पलीकडच्या आजोबांनी विचारलं, "ताई, उपास धरलाय काय?"

उपास नव्हता. रात्री दहाला झोपून सकाळी सहाला उठत होते, म्हणजे चांगली आठ तास झोप. तरी उठताना डोकं दगड. रात्री चार वेळा लघवीला जावं लागायचं म्हणून साखर तपासली, ती नॉर्मल. बीपीची एक गोळी होती तिच्या दोन झाल्या. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाळी जायचं वय आहे, टेन्शन घेऊ नका, आणि झोपेची अर्धी गोळी लिहून दिली. गोळीने सकाळ आणखी वाईट झाली. घशाचे स्नायू आधीच ढिले पडणाऱ्या माणसाला असल्या गोळ्या त्रास वाढवू शकतात, हे मला खूप नंतर कळलं.

आता घोरण्याचं. पुरुष घोरला तर घरात त्याचे विनोद होतात. बाई घोरते हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीही बोलत नाही. आमचे हे कितीतरी वर्षं उशी काखेत मारून हॉलमध्ये झोपायला जायचे आणि विचारलं की म्हणायचे, "आत उकडतंय." डिसेंबरातही उकडायचं त्यांना! कपाळ आपटल्याचं ऐकल्यावर मात्र त्यांनी एका रात्री मोबाइलवर माझा तीन मिनिटांचा व्हिडिओ काढला. घोरणं ऐकून लाज वाटली, पण भीती वाटली ती मधल्या शांततेची. घोरणं चालू असतं, मग एकदम काहीच नाही. छाती हलते, पोट हलतं, आवाज नाही. ह्यांनी घड्याळ लावून मोजलं होतं, २२ सेकंद. मग बुडता बुडता वर आल्यासारखा एक हुंदका, आणि परत घोरणं सुरू. सकाळी मला त्यातलं काही आठवत नव्हतं.

तो व्हिडिओ घेऊन मिरजेला गेलो. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, सांगलीकराला तिकडे जायला निमित्त लागत नाही. छातीविकाराच्या डॉक्टर मॅडमनी व्हिडिओ बघितला आणि आधी माझ्या हातात एक कागद दिला. आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण: बसून वाचताना डुलकी लागते का, टीव्ही बघताना, तासभर गाडीत बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर, असं. एपवर्थ स्केल म्हणतात त्याला. मेलबर्नच्या त्या नावाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी १९९१ साली तयार केलेली, आणि अजून सगळीकडे हीच चालते. २४ पैकी १० च्या वर गेलं की दिवसाची झोप जरा जास्तच म्हणायची. मला १७ पडले. शाळेतसुद्धा मी एवढ्या सहज पास झाले नव्हते.

मग घरची स्लीप स्टडी. रात्री साडेआठला एक मुलगा पेटी घेऊन आला. छातीला पट्टा, नाकाखाली बारीक नळी, बोटाला चिमटा. मंगळसूत्र पट्ट्यात अडकत होतं, ते काढून ठेवलं. "काकू, नेहमीसारखं झोपा," म्हणून तो गेला. नेहमीसारखं कसलं, नैवेद्याच्या ताटासारखी उताणी पडून होते. तरी पाच तास नोंद झाली आणि तेवढी पुरली. ७,५०० रुपये लागले. या भागाबद्दल माझी काही तक्रार नाही, रिपोर्ट दोन दिवसांत आला आणि मॅडमनी तो बसवून समजावून दिला.

झोपेत घसा आतून मिटतो, श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की तो एक धरतात. अर्धवट मिटून ऑक्सिजन घसरला तर तोही मोजतात. तासाला असं किती वेळा होतं, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ च्या खाली असेल तर ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. माझा ३४. ऑक्सिजन सगळ्यात खाली गेला तेव्हा ७६ टक्के. प्रत्येक वेळी मेंदू मला अर्धवट उठवत होता, म्हणजे आठ तास झोपतेय असं मी समजत होते आणि कुणीतरी दर दोन मिनिटांनी मला हलवत होतं. रात्रीची लघवी आणि बीपीही यातूनच वाढू शकतं. आणि बायकांच्यात हा आजार पाळी गेल्यावर वाढतो, शिवाय आम्ही दवाखान्यात घोरण्याऐवजी थकवा, डोकेदुखी आणि झोप लागत नाही एवढंच सांगतो, म्हणून चुकतो, असं मॅडम म्हणाल्या. मी तेच सांगितलं होतं की!

उपाय सीपॅप. नाकावाटे दाबाने हवा सोडायची, त्या हवेने घसा आतून उघडा राहतो. ऑक्सिजन वगैरे काही नसतं त्यात, खोलीतलीच हवा. मी आधी पळवाटा विचारल्या. कुशीवर झोपणं: माझ्या आकड्याला पुरणारं नाही, तरी ह्यांनी गाऊनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालून दिला होता, म्हणजे उताणी झाले की टोचेल. टोचला, पण मी चेंडूवर झोपून घोरले. वजन: ७८ किलो, कमी करायलाच हवं, पण तोवर रात्री कोण सांभाळणार? खालचा जबडा पुढे धरणारी दातांची कवळी सौम्य-मध्यम आजारात जास्त चालते. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनचंही विचारलं, कारण टिर्झेपाटाइडला अमेरिकेत २०२४ च्या डिसेंबरात लठ्ठ माणसांच्या याच आजारासाठी मान्यता मिळाली आहे. मॅडम म्हणाल्या, बघू पुढे, आज रात्रीचं काय? तर मशीन.

इथून माझी खरी कहाणी. विक्रेत्याने दुकानात मशीन दाखवलं ते मोबाइल दाखवावं तसं. स्क्रीन बघा, ॲप बघा, कार्ड बघा, ऑटो आहे, दाब ४ ते २० आपोआप ठरवतं. ५२,००० रुपये. आणि मास्क? "मास्क आहे की सोबत, साडेसहा हजार. सगळ्यांना हाच चालतो." नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, मोठ्या मापाचा. चेहऱ्याला लावून बघितला खुर्चीत बसून, मशीन बंद ठेवून. त्या दिवशी मला एवढंही सुचलं नाही की मी खुर्चीत झोपत नाही.

पहिल्या रात्री दाब वाढला तशी हवा मास्कच्या वरून डोळ्यांत जायला लागली. डोळे कोरडे, शिट्टीसारखा आवाज. पट्टे ओढले. आणखी ओढले. सकाळी नाकाच्या दांडीवर लाल चर, चष्मा टेकवता येईना. काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न, "मॅडम, पडलात काय?" रोज रात्री कधीतरी मी झोपेतच मास्क काढून फेकायची. मशीनमधल्या मेमरी कार्डावरचा पहिल्या महिन्याचा रिपोर्ट: सरासरी वापर १ तास ५० मिनिटं. निदान चार तास, तेही दहातल्या सात रात्री, एवढा तरी वापर हवा असं डॉक्टर धरतात. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "सवय होईल. पट्टे घट्ट करा."

सवय होत नाही. पट्टे घट्ट करून तर मुळीच होत नाही. ज्या कुणाचं मशीन कपाटात पडून आहे त्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

मॅडमनीच मग कोल्हापूरच्या एका दुकानाचा पत्ता दिला. तिथे मास्क बसवायला एक मुलगी होती, पंचविशीची. तिने मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. नाकाच्या रुंदीला कागदी माप लावलं आणि म्हणाली, "काकू, तुमचं माप लहान आहे आणि तुम्ही तोंडाने श्वास घेत नाही. तुम्हाला तो मोठा दिलाच कसा?" मग मला तपासणीच्या टेबलावर झोपवलं, माझाच दाब मशीनवर चालू केला आणि एकामागोमाग एक तीन मास्क लावून बघितले. या कुशीवर वळा, त्या कुशीवर वळा. तिसरा, फक्त नाकावर बसणारा, लहान मापाचा, एकदम शांत. एक बारीक सूं सोडून. डाव्या बाजूने.

तिने वाकून बघितलं आणि हसली. माझी चमकी! बारा वर्षांची होते तेव्हापासून डाव्या नाकपुडीत आहे, ती मला दिसत नाही आणि मशीन विकणाऱ्यालाही दिसली नव्हती. सिलिकॉनची कड बरोब्बर तिच्यावर येत होती आणि त्या फटीतून हवा निसटत होती. चमकी काढली, आवाज थांबला. इतक्या वर्षांत मी ती बाळंतपणातही काढली नव्हती. फिरकीची होती, निघता निघेना, त्या मुलीने खोबरेल लावून काढून दिली आणि नाक साबणाने पुसून मगच परत मास्क लावला, कारण तेल सिलिकॉनचा शत्रू. तेलावर मास्क सरकतो आणि लवकर खराब होतो.

घरी सासूबाईंना काय सांगायचं याची धाकधूक होती. सवाष्णीने नाक मोकळं ठेवू नये वगैरे ऐकावं लागणार. त्या ऐकून म्हणाल्या, "रात्री काढ, अंघोळ झाली की घाल. एसटीत चोराच्या भीतीने आम्ही काढत नव्हतो होय?" प्रश्न मिटला. आता दाबून बसवायची चमकी घेतली आहे, उशाशी कुंकवाच्या जुन्या डबीत ठेवते.

दुसरी गोष्ट अंबाडा. उताणं झोपलं की अंबाडा मागच्या पट्ट्याला वर ढकलतो आणि मास्क नाकावरून उचलला जातो. एका बाजूला सैल वेणी घालायची. तिसरी, कोल्ड क्रीम आणि डोक्याचं तेल रात्री बंद. यातलं एक अक्षरही मशीनच्या पुस्तकात मला सापडलं नाही. त्यातल्या चित्रातला माणूस टकला आहे.

या मशीनचा जन्म कसा झाला ते वाचलं तेव्हा मला त्या विक्रेत्याचा आणखी राग आला. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी १९८० साली व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरून पहिल्यांदा पेशंटच्या नाकात हवा सोडली, आणि पुढच्या वर्षी पाच पेशंटांचा अनुभव 'लॅन्सेट'मध्ये छापला. मोटर कुठेही मिळत होती. अडचण मास्कची होती. पेशंटच्या नाकाचा साचा घेऊन एकेकाचा मास्क बनवायचे आणि रोज रात्री सिलिकॉनने चेहऱ्याला चक्क चिकटवायचे. म्हणजे पहिल्या माणसालाही ठाऊक होतं की मास्क त्या त्या नाकाचा हवा. आणि माझ्या गावात चाळीस वर्षांनंतर "सगळ्यांना हाच चालतो."

नवा मास्क ४,८०० रुपयांचा. पहिल्या आठवड्यात सलग सहा तास झोपले. सोमवारी पहाटे जाग आली, खिडकीत उजेड होता आणि मला वाटलं अजून रात्रच आहे, कारण मधे मी एकदाही उठले नव्हते. आमच्या ह्यांनी खोलीत डोकावून बघितलं, बराच वेळ. नंतर कळलं, आवाज नाही म्हणून घाबरून श्वास चालू आहे का ते बघायला आले होते. आता ते परत आत झोपतात. पंखा मशीनपेक्षा जास्त वाजतो म्हणतात, आणि ते खरंच आहे.

कार्डावरचे आजचे आकडे: रोज सरासरी साडेसहा तास, एएचआय २.१, दाब बहुतेक वेळ ११ च्या आसपास. मशीन सुरुवातीला ४ वर चालू होतं आणि मी झोपेपर्यंत हळूहळू चढतं. श्वास सोडताना दाब जरा कमी करायची सोय आहे, ती लावून घ्या, नाहीतर वाऱ्यावर तोंड करून बोलल्यासारखं वाटतं. बीपीची वाढवलेली गोळी मॅडमनी पाच महिन्यांनी बंद केली. कॅश जुळते. मात्र एक सांगते, हा आजार बरा झालेला नाही. गावाला जाताना दोन रात्री मशीन नेलं नाही तर तिसऱ्या दिवशी डोकं परत दगड. चष्म्यासारखं आहे, लावलं तेवढंच दिसतं.

लोकांचं काय सांगू! माझी आई ८१ वर्षांची, आष्ट्याहून राहायला आली आणि रात्री पाणी प्यायला उठली तर मी नळी लावून झोपलेली. तिने आरडाओरडा केला नाही. कॉटच्या कडेला बसून रडत राहिली. २०२१ च्या मेमध्ये माझा मामा असाच मास्क लावून गेला, तिला तेवढंच माहीत. उठून मास्क काढला, हवा तिच्या गालावर सोडली, म्हटलं, "आई, बघ, पंखा आहे नुसता." तरी दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने गल्लीला सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या घरी पाच शहाळी जमली.

मशीनचा अर्धा तारा का कापला ते आता. पाण्याच्या भांड्यासाठी डिस्टिल्ड वॉटर लागतं. आमच्या बोअरच्या पाण्याने चार दिवसांत भांड्याला पांढरा थर बसतो, व्हिनेगर पाण्यात मिसळून धुवावा लागतो. विक्रेता म्हणाला होता, बॅटरीचं पाणी घाला. मॅडम म्हणाल्या, श्वासात जाणारं आहे, मेडिकलमधलंच घ्या. पावसाळ्यात मी पाणी घालतच नाही, सांगलीची हवाच पुरेशी ओली असते. जानेवारीत उलटं, नळीत पाणी साचून गुडगुड आवाज आला आणि पहाटे तीनला नाकावर थंड थेंब पडला. उपाय सोपा निघाला: मशीन कॉटपेक्षा खाली स्टुलावर ठेवलं आणि नळी दुलईच्या आत घेतली. वळवाच्या दिवसांत लाईट जाते तेव्हा हवा बंद पडते. त्यात गुदमरत नाही, जाग येते एवढंच, पण झोपेचं खोबरं होतं. इन्व्हर्टरवर मशीन चालतं. पाणी तापवणारी पट्टी बंद ठेवली तर वीज फारच कमी खातं, सबंध रात्र निघते. मास्कची गादी रोज सकाळी लहान मुलांच्या शाम्पूने धुते, नळी रविवारी. कंटाळा येतो. धुते.

विम्याने मशीनचे पैसे दिले नाहीत, घरी वापरायचं यंत्र बसत नाही म्हणाले. घेण्याआधी आपल्या पॉलिसीचा कागद वाचून बघा. आणि स्वस्तात मिळतंय म्हणून जुनं मशीन घेऊ नका. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सने आपली लाखो मशीन परत मागवली होती, आतला आवाज दाबणारा फोम झिजून त्याचे कण हवेच्या वाटेत येऊ शकतात म्हणून. जुन्या मशीनच्या पोटात काय आहे ते बाहेरून दिसत नाही.

माझं बघून आमच्या वन्सं मागे लागल्या, मलाही ते मशीन हवं, मलाही झोप येत नाही. त्या घोरत नाहीत. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पायांत वळवळ सुरू होते, उठून चाललं की थांबते. त्यांना मशीनचा उपयोग शून्य. मॅडमनी रक्तातलं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासलं, ते ११ निघालं. पायांच्या या आजारात ते ७५ च्या खाली असलं तरी लोह देऊन बघतात. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा दोन तास लांब. वन्संना चहा लांब ठेवणं गोळीपेक्षा जड गेलं. पण तीन महिन्यांत पाय शांत झाले, फेरिटिनची तपासणी आणि गोळ्या मिळून दोन हजाराच्या आत. आमच्या ऑफिसातल्या क्लार्कला नुसतीच झोप लागत नाही, त्याला वेगळंच सांगितलंय: वीस-एक मिनिटांत झोप आली नाही तर अंथरूण सोडायचं, मोबाइल घेऊन लोळायचं नाही, आणि किती का जागरण होईना, सकाळी ठरल्या वेळी उठायचं. सहा-आठ बैठकांची ही शिकवणी गोळीच्या आधी करतात. तो करत नाही, हा भाग वेगळा.

म्हणून मशीन घ्यायच्या आधी तपासणी. तपासणीत निघालंच तर लगेच विकत घेऊ नका, महिनाभर भाड्याने मागा. कोल्हापूरच्या दुकानात मिळतं, हे मला ५२,००० भरल्यावर कळलं. आणि मास्क झोपून, दाब चालू ठेवून, दोन्ही कुशींवर बघा. चमकी असेल तर चमकीसकट बघा, मग काढून बघा. विकणारा घाईत असेल तर पिशवी उचलून बाहेर पडा.

तो पहिला मास्क उघडलेला म्हणून परत घेत नाहीत. माळ्यावर त्याच्या मजबूत डब्यात आहे. दिवाळीच्या आवराआवरीत बोहारीण आली तेव्हा जुन्या साड्यांबरोबर तिला तोही दाखवला. तिने उलटासुलटा करून बघितला, पट्टा ताणून बघितला, आणि म्हणाली, "डब्याची वाटी देते. हे ठेवा तुमचं तुम्हाला."